उंबऱ्याशी थांबलेले पाय

आमच्या यांच्या आजाराची पहिली खबर मला शहापुरात चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून लागली. मी शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हे माझ्या आधी तीन वर्षं घरी बसले होते. यांच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी जोड पिशवीत घालून त्याच्याकडं नेला. त्यानं अंगठा शिवला, मग दोन्ही चपला उलट्या करून शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसला. उजव्या चपलेची टाच झिजली होती, सगळ्यांची झिजते तशी. डावीची टाच जवळजवळ नवी होती आणि पुढचं टोक मात्र पार पातळ झालं होतं.

"साहेब डावा पाय उचलत न्हाईत," तो म्हणाला. "ओढत्यात. दवाखान्यात दाखवा एकदा."

मी ते हसण्यावारी नेलं. घरी येऊन यांना सांगितलं तर तेही हसले. ज्या माणसानं बत्तीस वर्षं चालण्याचाच पगार घेतला, तो पाय ओढतो असं कुणी म्हणावं हे आम्हा दोघांनाही पटणारं नव्हतं.

हे बेळगावच्या वीज खात्यात मीटर वाचायला होते. वडगाव, शहापूर, पुढं अनगोळ, असा सगळा भाग त्यांनी पायी पालथा घातला होता. सायकल होती, पण ती गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि आत चालत जायचं, अशी त्यांची पद्धत. कुणाचा मीटर मागाच्या पाठीमागं आहे, कुणाचा गोठ्यात आणि कुणाचा देवाच्या फळीवर, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. चालणं भरभर. आम्ही दोघं बाजाराला निघालो की हे दहा पावलं पुढं आणि मी पिशव्या सांभाळत मागं. कोपऱ्यावर थांबायचे, मी जवळ पोचले की लगेच पुढं निघायचे. मी दम घ्यायचा कधी, हा विचार त्यांना शिवायचा नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षं मला याचा राग यायचा. नंतर मी त्यांच्या पाठीकडं बघत चालायला शिकले.

चप्पल शिवून आणल्यावर मी कान देऊन ऐकायला लागले. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतली चाल ऐकू यायची. एक पाय टेकल्याचा आवाज, आणि मग फरशीवरून काहीतरी घासत गेल्याचा. महिनाभर मी कुणाला काही बोलले नाही. मग यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलायला लागला तेव्हा आम्ही डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला लावलं. चालताना यांचा उजवा हात पुढंमागं होत होता आणि डावा अंगाला चिकटून राहिला होता. इतकी वर्षं त्यांच्या पाठीकडं बघत चालले होते मी, आणि हे कधी बदललं ते मला दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. बरा होणारा आजार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील, आणि चालणं सोडू नका. यांनी त्यातलं शेवटचं तेवढं मनावर घेतलं. रोज सकाळी येळ्ळूरच्या रस्त्यानं तासभर जाऊन यायला लागले. पहिली दोन वर्षं बरी गेली.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी जेवायला हाक मारली आणि हे स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मी ताटं मांडली, भाजी वाढली, तरी हे तिथंच. मी म्हटलं, या की. ते म्हणाले, "पाय येईनात." मला काही कळेना. पाय दुखतात का, मुंग्या आल्यात का, मी विचारत होते आणि ते मान हलवत होते. दोन्ही तळपाय फरशीला कुणी चिकटवून टाकल्यासारखे. वरचं अंग पुढं यायला बघत होतं, गुडघे थरथरत होते आणि पावलं जाग्यावर. मी हाताला धरून ओढलं. ते तोल जाऊन माझ्यावर आले आणि आम्ही दोघं ओट्याला धडकलो.

पुढं हे रोजचं झालं. दार आलं की पाय थांबायचे. दोन खुर्च्यांमधली फट आली की थांबायचे. वळायचं असलं की थांबायचे. आणि गंमत अशी, म्हणजे तेव्हा मला गंमत वाटली नव्हती, की जिना हे सरसर चढून जायचे. माडीवर कपडे वाळत घालायला मी गेले की हे मागून चढून यायचे, आणि उतरल्यावर साध्या सपाट फरशीवर अडकायचे. गल्लीतल्या बायकांना ते खरं वाटायचं नाही. एकदा एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं की साहेब मुद्दाम तर करत नसतील, बायकोनं मागंपुढं करावं म्हणून. मी तिच्यावर चिडले. पण तिनं मनात किडा सोडला तो सोडलाच.

आठ दिवसांनी, दारात कुरिअरवाला उभा, गॅसवर दूध उतू चाललेलं, आणि हे मधल्या दारात असे अडकलेले की मला पलीकडं जाता येईना. मी म्हणाले, "नाटकं पुरे करा आता. माडीवर जाताना बरे चालतात पाय."

 त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली पायांकडं बघत राहिले. दूध उतू गेलं, कुरिअरवाला निघून गेला. मग कधीतरी पाय सुटले आणि ते जाऊन खुर्चीत बसले. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की जिन्याची पायरी डोळ्यांना दिसते, पाय तिला धरून उचलला जातो. सपाट जागेवर मेंदूकडून पायाला जो निरोप आपसूक जायचा तो वाटेत अडतो. हे ऐकून मी यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मलाबी तसंच वाटतंय गं. आपणच करतोय का काय."

आमची लेक पुण्याला नोकरी करते. एकुलती एक. तिनं बाबांसाठी मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. त्यात पावलं मोजली जातात, आणि बाबा इथं किती चालले ते तिला तिकडं तिच्या फोनमध्ये दिसतं. तिनंच सुट्टीत येऊन ते यांच्या डाव्या मनगटावर बांधलं, माझ्या फोनमध्येही काय काय घालून दिलं. यांना ते आवडलं. मीटर वाचल्यासारखे दिवसातून चार वेळा आकडा वाचायचे.

एक दिवस सकाळची गोळी द्यायला मला उशीर झाला आणि सगळा दिवस बिघडला. दुपारपासून हे खुर्चीतून उठू शकले नाहीत. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर थडथडत होता. संध्याकाळी लेकीचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. बाबा आज सात हजार पावलं चालले, इतके या महिन्यात कधीच चालले नव्हते, तू त्यांना अशीच बाहेर काढत जा, असं ती मला सांगत होती. फोन स्पीकरवर होता. हे आपल्या हाताकडं बघत होते. तो हलत होता आणि घड्याळ मोजत होतं.

मी लेकीला काय सांगणार? हो गं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यांनी मला ते घड्याळ उजव्या हाताला बांधायला लावलं. खरं काय ते कळू दे, म्हणाले. संध्याकाळी आकडा हजाराच्याही आत. लेकीचा लगेच फोन, बाबांना बरं नाही का, पडले का, मी निघून येऊ का. ऑफिसातून बोलत होती, मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं. तिला काहीतरी सांगून मी फोन ठेवला.  यांनी उजवा हात माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "परत डाव्याला बांध."

तेव्हापासून ते डाव्याच हाताला आहे.

लेकीनं आम्हाला पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं माणसाचं चालणं तपासायची वेगळी खोली होती. यांच्या घोट्यांना, गुडघ्यांना, कमरेला छोटे चमकणारे गोळे चिकटवले. भिंतींवर कॅमेरे, मधे लांबलचक चटई. हे चालले की पडद्यावर नुसते ठिपके आणि रेघा चालायच्या. मी कोपऱ्यात बसून बघत होते. आणि हे चालले. एकदाही न अडता, हात हलवत, मान वर करून, वळूनसुद्धा नीट. मला वाटलं, उठून कुणाच्या तरी पाया पडावं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असं पुष्कळांचं होतं; समोर कुणी बघत असलं, लक्ष सगळं चालण्यावर असलं, की पाय ऐकतात. मग मोजणीत काय आलं, असं लेकीनं विचारलं. बाई म्हणाल्या, आजच्या मोजणीप्रमाणं चाल चांगली आहे. आम्ही खोलीतून निघालो. लिफ्टचं दार उघडलं आणि हे दारात थांबले. दार बंद व्हायचं, यांच्या खांद्याला लागून परत उघडायचं. पाच-सहा वेळा असं झालं. तिथं मोजायला कोणी नव्हतं.

घरी आल्यावर बेळगावातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं दोन उपाय सांगितले. एक, फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पायाला पायरीसारखं काहीतरी दिसेल. मी लाल चिकटपट्टी आणून सगळ्या घरभर पट्ट्या मारल्या. पलंगापासून न्हाणीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत. घर मोठ्या आगीनगाडीच्या रुळांसारखं दिसायला लागलं. दुसरा उपाय ठेक्याचा. फोनमध्ये टिकटिक लावायची आणि तिच्यावर पाऊल टाकायचं. यांना ती टिकटिक आवडेना. पाल चुकचुकल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

पण ठेक्याचं खरं होतं, हे मला आधीच कळलेलं होतं. आमच्या शेजारच्या घरात दोन पॉवरलूम आहेत. सकाळी एकच माग चालू असतो. तो खटखट सुरू झाला की हे पलंगावरून उठून न्हाणीपर्यंत न थांबता जायचे. मला आधी वाटलं गोळीचा गुण. मग एका आठवड्यात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, माग बंद, आणि हे सकाळपासून तीन ठिकाणी अडकले. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याच्या परवानगीनं मागापाशी फोन धरून उभी राहिले आणि दहा मिनिटांचा आवाज भरून घेतला. तो लावला की यांचे पाय सुटायचे. दहातल्या सात-आठ वेळा तरी सुटायचे. मला फार मोठं काही सापडल्यासारखं झालं होतं. लेकीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

त्याच सुमाराला सदलग्याहून आक्का आजारी असल्याचं कळलं.

आक्का म्हणजे यांची मोठी बहीण. यांची आई हे दीड वर्षांचे असताना गेली, तेव्हा आक्का अकरा-बारा वर्षांची होती. यांना कडेवर घेऊन भाकरी करायला तिनंच शिकून घेतलं आणि यांना पांगुळगाड्यावर चालायलाही तिनंच शिकवलं. लग्न होऊन सदलग्याला गेली तरी दर दिवाळीला हे तिच्याकडं जायचेच. आता तिचं हृदय थकलं होतं. भाच्याचा फोन आला की आक्का सारखी यांचं नाव घेते. यांनी लगेच जायचं ठरवलं. मी म्हटलं, गाडी करूया. ते म्हणाले, गाडीनं जायला मी काय आजारी आहे? एसटीनं जाऊ.

मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

हायवेचा रस्ता चांगला म्हणून आम्ही निपाणीमार्गे निघालो. तिथं उतरून सदलग्याची गाडी धरायची. प्रवास चांगला झाला. यांनी खिडकीतून बघत मला जुन्या गोष्टी सांगितल्या. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली. मी पिशवी घेऊन आधी उतरले, म्हणजे खालून हात देता येईल. हे दारापर्यंत आले. दारात आले आणि थांबले.

पायऱ्या समोर होत्या. पायऱ्यांची यांना अडचण नव्हती. पण पहिल्या पायरीपर्यंतचं ते एक पाऊल पडेना. मागं पंधरा-वीस माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. कंडक्टर "बेग इळीरी, बेग" म्हणून उतरायची घाई करत होता. मी त्याला मराठीत सांगितलं, मग कानडीत सांगितलं की यांना आजार आहे, थोडा वेळ द्या. त्यानं वेळ दिला, खोटं कशाला बोलू. पण मागच्यांना काय माहीत? कुणी म्हणालं म्हाताऱ्याला चक्कर आलीय, कुणी म्हणालं प्यालेला दिसतोय. मी फोन काढून मागाचा आवाज लावला आणि हात उंच करून यांच्या कानाशी न्यायला बघितलं. स्टँडवरचे भोंगे, गाड्यांची घोषणा, इंजिनांचा आवाज. मला स्वतःला तो ऐकू येईना.

शेवटी मागच्या दोन तरुणांनी यांना दोन्ही बगलांत हात घालून उचललं आणि खाली आणून ठेवलं. भल्या मनानं केलं त्यांनी. एकानं वर राहिलेली चप्पल आणून यांच्या पायात सरकवली. मला म्हणाला, मावशी, सांभाळून न्या. गाडी निघून गेली. हे उभे होते तिथंच उभे. त्यांची पँट ओली झाली होती.

मी पिशवीतला टॉवेल काढून त्यांच्या पुढं धरला. आसपासच्या लोकांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. हे म्हणाले, "घरी जाऊया."

मी म्हटलं, इथवर आलोय, धुऊन घेऊया, दुसरी पँट आहे, आक्का वाट बघत असेल. त्यांनी तेच परत सांगितलं. मी पुरुषांच्या स्वच्छतागृहात जाऊ शकत नव्हते आणि ते एकटे आत जाऊ शकत नव्हते. चहाच्या गाड्यावरच्या माणसानं बाकड्यामागची जागा दिली, तिथं कशीबशी मी पँट बदलली. मग रिक्षा स्टँडवर जाऊन बेळगावला जाणारी गाडी ठरवली. आक्काला फोन करून सांगितलं की आम्हाला यायला जमत नाही, गाडी मधेच बिघडली. तिनं बरं म्हटलं. मग म्हणाली, "त्याला फोन दे गं." मी यांच्यापुढं फोन धरला. यांनी मान फिरवली. मी आक्काला सांगितलं, ते झोपलेत.

निपाणीहून सदलगा जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे.

अठराव्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला, आक्का गेली.

या वेळी आम्ही गाडी केली. शहापुरातून माहेरची साडी घेतली, इरकली, हिरव्या काठाची. रस्त्यात मी गोळ्यांचा हिशेब मांडत होते. बाराला उचलणार म्हणाले होते, तेव्हा अकराची गोळी दिली की बाराला पाय चांगले असतील. मी घड्याळ बघून अकराला गोळी दिली. सदलग्याला पोचलो तेव्हा यांची चाल खरंच चांगली होती. आत गेले, आक्काजवळ बसले, साडी उलगडून तिच्या अंगावर घातली. हात कापत होते, पण भाच्यानं मदत करायला हात पुढं केला तर त्याला नको म्हणाले. निऱ्या सरळ होईपर्यंत सोडलं नाही.

मग कळलं की आक्काची धाकटी मुलगी सोलापूरहून निघालीय, ती येईपर्यंत थांबायचं. बाराचा एक झाला. दोन झाले. मी यांच्याकडं बघत होते. सव्वादोनच्या सुमाराला डावा हात हलायला लागला. पुढची गोळी लवकर द्यावी तर पोटात अन्न नाही, आणि मयताच्या घरी खायला कुठनं आणणार? तरी मी अर्धी गोळी पाण्याबरोबर दिली. तिचा गुण यायला तास लागतो. पावणेतीनला मुलगी आली. तीनला उचललं.

पुरुष माणसं अंगणात उतरली. भाचा मडकं धरून पुढं उभा राहिला. तिरडी खांद्यावर गेली. हे दाराशी आले, आणि उंबऱ्याशी थांबले.

मी मागंच होते. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं. मी हळूच म्हटलं, उंबरा ओलांडायचाय, पायरीसारखा बघा. ते बघत होते. गुडघे थरथरत होते. तिरडी निघाली. आमच्या मागं बायकांचा आक्रोश सुरू झाला. हे मान न वळवता बारीक आवाजात म्हणाले, "ते लाव."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी फोन काढला, दोनदा चुकीचं काहीतरी लागलं. मग मागाचा आवाज सुरू झाला. त्या घरात, त्या वेळी, खटखट खटखट खटखट. यांचा उजवा पाय उचलला आणि उंबऱ्यापलीकडं पडला. डावा मागून आला. ते अंगणात उतरले, एक पाऊल, दुसरं पाऊल. तोवर भावकीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मागं वळून बघितलं. कुणाचा फोन वाजतोय, बंद करा, म्हणाले. रागानं नव्हे, साध्या आवाजात. आणखी दोघंतिघं वळले. बायकाही रडता रडता माझ्याकडं बघायला लागल्या.

मी बंद केला.

का केला, हे मी स्वतःला आजही विचारते. चार माणसं बघत होती, एवढंच. शाळेत आयुष्य गेलं माझं, शेकडो पोरांसमोर उभी राहिले, आणि त्या अंगणात मला नवऱ्याच्या आजाराचं नाव घेऊन चार शब्द सांगता आले नाहीत. आवाज थांबला तसे हे थांबले. अंगणाच्या मधोमध. तिरडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

आमचा ड्रायव्हर शहाणा होता. त्यानं गाडी अंगणापर्यंत आणली. यांना वळवून आत बसवण्यात पंधरा मिनिटं गेली. दूधगंगेच्या काठाशी पोचलो तेव्हा चिता पेटली होती. रस्त्यापासून खाली काठापर्यंत मऊ मातीचा उतार. तिथं यांना उतरवणं मला आणि ड्रायव्हरला मिळून शक्य नव्हतं, आणि खालच्या कुणाला हाक मारायची ती वेळ नव्हती. हे गाडीच्या काचेतून बघत राहिले. परत येताना माणसं गाडीजवळून गेली. एक-दोघांनी काचेतून यांना नमस्कार केला. भाचा थांबला, मामाच्या हातावर हात ठेवला आणि पुढं गेला.

संकेश्वर मागं पडल्यावर हे बोलले. म्हणाले, "तू फोन बंद केलास ते बरं केलंस."

त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ते मी विचारलं नाही. आता विचारण्यात अर्थ नाही.

त्या दिवसानंतर यांनी हळूहळू चालणं सोडलं. भांडून नाही, ठरवून नाही. येळ्ळूरचा रस्ता सुटला, मग गल्ली सुटली, मग अंगण. व्यायामाच्या मुलीनं पुष्कळ समजावलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, त्यानं हात जास्त हलायला लागले, पाय तसेच. लेकीनं कुठूनशी एक काठी मागवली, तिच्यातून फरशीवर लाल उजेडाची रेघ पडते आणि ती ओलांडायची. महिनाभर ती वापरली. मग एकदा तिच्यासकट पडले, डोक्याला चार टाके पडले, आणि ती काठी दाराआड गेली. फरशीवरच्या पट्ट्यांचे कोपरे सुटून काळे पडले होते, मी त्या एका दुपारी खरवडून काढल्या. गेल्या वर्षी चाकांची खुर्ची आली. ती घरात फिरावी म्हणून दोन दारांचे उंबरे गवंड्याकडून काढून घेतले.

आता माझ्याच रक्तात साखर निघालीय. डॉक्टर म्हणाले, गोळी नको असेल तर रोज चाळीस मिनिटं चालायचं, चुकवायचं नाही. मी घरी येऊन यांना नुसतं सांगितलं की थोडी साखर आहे, पथ्य आहे. चालायचं सांगितलं नाही. सकाळी यांना चहा देऊन, दूध आणायला जाते म्हणून मी घरातून निघायला लागले. चाळीस मिनिटांसाठी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगायचं, आणि निघायचं. पहिल्या दिवशी गल्ली ओलांडताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. आपले पाय आपण न सांगता उचलतात, पडतात, वळतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, आणि ते मला नकोसं झालं.

आठवड्यानं यांनी मला विचारलं, "दूधवाला तर दारात येतोय की आपल्या."

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. चालायला जा म्हणून मीच तुला आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणाले. मग बराच वेळ विचार करून त्यांनी मला रस्ता सांगितला. मोठ्या रस्त्यानं जाऊ नकोस, ट्रकांची धूळ असते. विहिरीकडनं जा, पुढं ट्रान्स्फॉर्मरच्या खांबापाशी डावीकडं वळ, तिथं कुत्री आहेत पण चावत नाहीत, शेताच्या कडेनं बाहेर पडलीस की येळ्ळूरचा रस्ता लागतो. कुठं खड्डा आहे, कुठं गटाराची फरशी हलते, सगळं. त्यांनी बघितलं त्याला दोन-तीन वर्षं झालीत. तो खांब आता तिथं नाही. मी तेही सांगितलं नाही.

रोज परतले की ते एकच विचारतात, कुठपर्यंत गेलीस. मी चांगली लांबपर्यंत गेलेली असते. अलीकडं पायांना सवय झालीय, दम लागत नाही, चाळीस मिनिटांत पूर्वीपेक्षा पुढचा टप्पा गाठला जातो. पण त्यांना सांगताना मी थोडं अलीकडचंच ठिकाण सांगते.